सगळ्या संघटनेची वहिनी

अन्याय झाला तो पेठ तालुक्यातल्या एका डोंगरपाड्यावरच्या बाईवर. झाला १९८० साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी, शाळेपुढच्या पटांगणात, आसपासच्या सगळ्या पाड्यांदेखत. तो सावकारानं केला नाही. जंगलखात्यानं केला नाही, पोलिसांनीही नाही. या तिघांशी लढायला जी संघटना उभी राहिली, तिनं केला. आणि बायकांच्या हातून केला, बायकांच्या नावानं केला. मी तिथे होते.

संघटनेचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या पत्रक निघेल की ही पोरगी पोलिसांची खबरी आहे. तसं ते निघालेलंच आहे म्हणा. बाईचंही नाव लिहीत नाही. तिचं एकदा पोस्टर झालंय, तेवढं पुरे.

मी नाशिकरोडची. वडील कारखान्यात फिटर, आई शाळेत शिपाई. आमच्या वसाहतीत विहाराच्या मागे तरुण मंडळाची एक खोली आहे आणि त्या खोलीत एक सायक्लोस्टाइलचं मशीन. मी लिहायला शिकले ती त्या मशीनवर. तिथला नियम साधा होता : पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते सांगा, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं ते सांगा, मधे रडू नका. हा मजकूरही त्याच नियमानं लिहिते आहे. दुसरं मला येत नाही.

आणीबाणी उठल्यावर मास्तर आमच्या खोलीवर यायला लागला. तेव्हा मी 'मास्तर आले' म्हणायचे. आता 'आला' लिहिते. शाळेतली नोकरी सोडून डोंगरात गेलेला, ही संघटना उभी करणारा माणूस. खादीचा मळका झब्बा, पायात टायरच्या चपला, आवाज इतका मऊ की समोरच्याला पुढे वाकूनच ऐकावं लागायचं. आम्ही पोरं-पोरी वाकून ऐकायचो. डोंगरात जंगलखातं लोकांना कसं पिळतं, गार्ड कोंबड्या कशा उचलतात, बायकांच्या मोळ्या कशा अडवतात आणि मोळी सोडायच्या बदल्यात काय मागतात, हे तो सांगायचा. ते खरं होतं. मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. म्हणून तर राग जास्त आहे.

पहिली शंका मला मोर्चाच्या सकाळी आली. डोंगरातली माणसं कलेक्टर कचेरीवर न्यायची होती. ट्रकमधून उतरून सगळे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, तोंडं धूत होते आणि मास्तर रांगा लावत होता.

"कडेवर पोरं असलेल्या बाया पुढं. म्हाताऱ्या त्यांच्या मागं. गडी शेवटी."

मी विचारलं, "गडी शेवटी का?"

"पोलीस बाईवर हात टाकायला कचरतात."

"आणि टाकला तर?"

"तर मग बातमी महाराष्ट्रभर. लाठी पडली तरी आपलं, नाही पडली तरी आपलं."

"आपलं म्हणजे कुणाचं? पाठ तर तिची."

मास्तर हसला. बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "ही पोरगी वकील होणार बघा." सगळे हसले. मीही हसले. पण कुठे काही खुपलं की मी ते विसरत नाही. आई म्हणते, तू लहानपणीही पायातला काटा काढू द्यायची नाहीस, आधी तो कुठून आला ते विचारायचीस.

त्या दिवशी लाठी पडली नाही. पेपरात फोटो आला. फोटोत फक्त बाया होत्या.

मग मी सुट्टीत, सुट्टी नसताना, जमेल तेव्हा डोंगरात जायला लागले. पेठची एसटी, घाट, पुढे पायी. त्या खोऱ्यात तेव्हा सरकार म्हणजे संघटनाच होती. गार्ड यायचे बंद झाले होते. पोरांच्या हातात कोयते-भाले, दोन-चार ठासणीच्या बंदुका. ज्यांच्यावर वॉरंट होतं ते जंगलात राहायचे, त्यांची भाकरी पाड्यापाड्यांवरून जायची. भांडणतंटा पोलीस पाटलाकडे जात नव्हता, संघटनेच्या न्यायसभेत यायचा. आणि न्यायसभेचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे दारूबंदी.

त्याबद्दल खोटं बोलणार नाही. संघटनेनं बायांची तुकडी काढली. हिरव्या पातळाच्या, काठ्या घेतलेल्या पंधरावीस बाया घरोघर जाऊन मोहाची मडकी फोडायच्या. बायकोला मारणाऱ्याला सभेत उभा करून चपलांचा हार घालायच्या. एका दांडग्या माणसाला त्याचीच बायको हार घालत होती, हार त्याच्या कानाला अडकत होता, आणि मागून एक म्हातारी ओरडली, "नीट घाल गं, लग्नातल्यावानी!" अख्खी सभा हसली. त्या दिवसापासून बायका संघटनेसाठी जीव टाकायला लागल्या. कोण नाही टाकणार?

पण मी मोजत नसले तरी बघत होते. फुटली ती मडकी कुणाची? संघटनेत नसलेल्यांची. संघटनेच्या पोराच्या घरी तुकडी निघाली की मास्तर तिला दुसऱ्याच पाड्यावर धाडायचा. हार घालायला बाया, काठी धरायला बाया; पण कुणाला हार घालायचा हे आदल्या दिवशी ठरायचं, आणि ठरवणाऱ्यांत एकही बाई नसायची. बाया तेव्हा चुलीपाशी असायच्या. ठरवणाऱ्यांना चहा लागतो.

आता ती बाई. मला ती आधी पोस्टरवर भेटली, नंतर समोर. पोस्टर आमच्या खोलीच्या भिंतीवर होतं : पाठीला लेकरू बांधलेली, कोयता उगारलेली, तोंड उघडून ओरडणारी बाई. खाली 'लढवय्याची अर्धांगी'. पुढे तिनंच मला त्या फोटोची गोष्ट सांगितली. तिला मूल नव्हतं. लेकरू जावेचं होतं. तिच्या कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली, ती फोटोवाल्याला बरी दिसेना, म्हणून दुसरीचा कोयता दिला. "मंग म्हणला, ओरड. म्या म्हणलं काय ओरडू? म्हणला, काय बी. मंग म्या नागलीवरची पाखरं हाकलते तशी हाळी दिली." असं म्हणून तिनं ती हाळी मला देऊन दाखवली. झाडावरचे कावळे उडाले. तिची घरची बोली डोंगरातली, माझ्याशी मात्र ती बाजारातली मराठी बोलायची आणि मला 'ताई' म्हणायची, मी वयानं लहान असूनही.

तिला मात्र सगळे 'वहिनी' म्हणायचे. तिचा नवरा गार्डांशी झालेल्या मारामारीनंतर जंगलात पळाला, तेव्हापासून तो 'भूमिगत दादा' आणि ही वहिनी. सभेला वहिनी आधी बसणार, नारळ वहिनी फोडणार, नवीन पाड्यावर संघटना न्यायची तर वहिनी पुढे. पोरंटोरं पाया पडायची. तिच्या सासूपेक्षा म्हातारे लोकही तिला वहिनी म्हणायचे. मला आधी ते प्रेम वाटलं. मग कळलं की ते कुंपण आहे. एकदा बाई सगळ्या संघटनेची वहिनी झाली, की अख्ख्या खोऱ्यातले पुरुष तिचे दीर होतात. ती कुणाशी हसून बोलली की पंचवीस दीर बघतात.

आणि दादाचं काय? दादा धरमपूरच्या बाजूला लढतोय, असं मास्तर सांगायचा. निरोप आला, असंही सांगायचा. निरोप कायम एकच असायचा : धीर धर, संघटनेचं ऐक. लग्नाआधी किंवा नंतर तिच्या नवऱ्यानं तिला कधी धीर धर म्हटलं नव्हतं, असं ती म्हणायची. "त्यो एक तर मारायचा, नाय तर झोपायचा."

म्हणजे चपलांचा हार पडायला हवा होता तो या दादालाही. पण तो जंगलात गेला आणि सुटला.

ऐंशीच्या माघात आमचं मंडळ निफाडकडे गेलं होतं. द्राक्षमळ्यांवर डोंगरातून आलेले मजूर असतात, त्यांची सभा घ्यायची होती. एका मळ्यात मांडवाखाली एक माणूस डोक्यावरून पाटी उतरवत होता. उजव्या भुवईत पांढऱ्या केसांचा झुबका. पहिल्या मोर्चात मागच्या रांगेत हाच दादा झेंडा धरून होता. मी सरळ पुढे गेले.

"तुम्ही भूमिगत ना?"

त्यानं मला ओळखलं. घाबरला नाही. हसून पायाखालच्या जमिनीवर टाच मारली. "भूमीवरच हाय की ताई. ही बघा."

मांडवाच्या दोन खांबांना झोळी बांधली होती आणि तिच्यात लेकरू होतं. झोळी हलवणाऱ्या बाईनं पदर पुढे ओढला.

"संघटनेला माहीत आहे?"

"मास्तरांनीच तर हितं लावून दिलं. म्हणले, वर तुझं नाव काम करतंय, तू खाली काम कर. डोंगरात तोंड दाखवू नको."

"आणि वहिनी?"

"तिचं काय? तिचं संघटना बघती. मान हाय, फोटू हाय." मग जरा खाली बघून म्हणाला, "म्या दोनदा सांगून धाडलं, मोकळी करा तिला. म्हणले, ते आमच्यावर सोड."

हे मी तिथल्या तिथे दोनदा विचारून घेतलं. शंका घ्यायची तर दोन्ही बाजूंनी घ्यावी. तो खोटं कशाला बोलेल? दुसरी बायको, लेकरू, मळ्याची राखण. त्याला जुनं मोकळं झालं तर बरंच होतं. अडलं होतं ते दुसऱ्याच कुणाचं.

पुढच्या आठवड्यात मी डोंगरात गेले आणि तिला सांगितलं. ती उखळात वरई सडत होती. मुसळ थांबलं नाही.

"बाई कशी हाय?"

"कोण?"

"त्याची."

"चांगली दिसली."

"बरं हाय. त्याला एकटं ऱ्हाता येत नाय." चार घाव आणखी घातले. मग मुसळ भिंतीला टेकवलं. "म्हंजे म्या इथं नारळ फोडती, आन् त्यो तिथं पोरगं जोजवतो. बरोबर?"

"बरोबर."

"मंग आता मला काडी मोडून द्या."

काडीमोड शहरातल्या वाचकाला ठाऊक नसेल तर सांगते. डोंगरात बाई नवऱ्याला सोडू शकते. कोर्ट नाही, वकील नाही. पाच पंच बसतात, दोघांचं म्हणणं ऐकतात, आणि सगळ्यांसमोर गवताची वाळकी काडी मोडली की लग्न मोडलं. नवरा आला नाही तर त्याच्या नावानं दगड मांडतात. दुसऱ्या दिवशी बाई कुणाचीही नसते, तिला हवं त्याच्याशी घर मांडते, आणि कुणी तिच्याकडे बोट दाखवत नाही. पंच सगळे पुरुषच असतात, आणि ते काही देव नव्हेत. बाईला दोष लावतात, माहेरकडून देज, म्हणजे नवऱ्यानं लग्नात मुलीपायी दिलेला पैसा, परत करायला लावतात. पण दार होतं. अरुंद होतं, वाकून जावं लागायचं, तरी दार होतं.

संघटनेनं आल्या आल्या हे पंच मोडले. आमच्याच मशीनवर पत्रक निघालं होतं : देजप्रथा बंद, काडीमोड बंद, बाई म्हणजे गुरं नव्हेत, यापुढे न्याय फक्त न्यायसभेत. वाचायला किती छान! पत्रक काढताना माझेही हात शाईनं भरले होते आणि माझा ऊर भरून आला होता. दार बंद करून तिथे मास्तर उभा राहिला, हे त्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आणि तिला दाराची घाई होती. शेजारच्या पाड्यावर टोपल्या विणणारा एक विधुर होता. दोघांचं ठरलं होतं. तो मला म्हणाला, "काडी मोडली की दुसऱ्या दिशी नेतो. न मोडता नेली तर म्हणतील दादाची बायको पळवली. माझे पाय तोडतील, ते जाऊ द्या. तिला पळून आलेली म्हणतील, ते नको."

मी मास्तरकडे गेले. तो शाळेच्या ओट्यावर नागलीची भाकरी खात होता. मी म्हटलं, "मास्तर, तो निफाडला आहे. मी पाहिला."

"हळू बोल."

'काय सांगतेस' म्हणाला नाही. 'खरं की काय' म्हणाला नाही. हळू बोल, म्हणाला. त्या दोन शब्दांत मला सगळं कळलं.

"तिला काडीमोड पाहिजे," मी हळू न बोलता म्हटलं.

"काडीमोड ही मागास रूढी आहे. बाई म्हणजे गाय नव्हे, या दावणीची सोडून त्या दावणीला बांधायला."

"दावं सोडा असं तीच म्हणतेय, मास्तर."

त्यानं भाकरी खाली ठेवली. आवाज नेहमीचाच, मऊ. "तू हुशार आहेस म्हणून सांगतो. जंगलात वीसेक पोरं आहेत. पावसात, थंडीत, उपाशी. ती का टिकून आहेत? त्यांना ठाऊक आहे की गावात बायको वाट बघतेय आणि तिच्यावर संघटनेची नजर आहे. आज वहिनी म्हणाली नवरा नको, उद्या प्रत्येकीला सुचेल. मग डोंगरात राहील कोण? लढा मोठा की एका बाईचा संसार?"

"तुम्ही तर म्हणता लढा बायांसाठी आहे."

"बायांसाठी आहे. एका बाईसाठी नाही."

हे वाक्य मी तुमच्यापुढे ठेवते. घासूनपुसून ठेवते. मास्तर मूर्ख नव्हता, आणि त्याला गार्डांची चीडही खरी होती. म्हणून तर हे वाक्य जास्त वाईट.

तरी तो म्हणाला, न्यायसभेत मांडू दे तिला. आखाजीला सगळ्या बाया माहेरी येतात. त्याच्या आदल्या दिवशी सभा ठेवू. मला तेव्हाच शंका यायला हवी होती असं कुणी म्हणेल. आलीच होती! आदल्या संध्याकाळी मास्तर तुकडीच्या पुढारणीला घेऊन चिंचेखाली बराच वेळ बसला होता. ती मान हलवत होती आणि ओठ पुटपुटत होती, पोरं पाढे पाठ करतात तसे.

सभेला पटांगण भरलं. माहेरवाशिणी नव्या बांगड्या घालून आलेल्या, पोरी घराघरांत टोपल्यांत उगवलेल्या गौरींच्या गोष्टी करत होत्या. ती उठली. पोस्टरमध्ये आहे तशी नव्हती. पदर खोचून, हात जोडून उभी होती. तिनं जे होतं ते सांगितलं. नवरा मारायचा. आता त्यानं दुसरं घर केलंय. मी वाट बघणार नाही. माझी काडी मोडून द्या. कनवटीला खोचलेली काडी काढून तिनं दाखवली.

मास्तर उठला आणि म्हणाला, "हा बायांचा प्रश्न आहे. यात पुरुषांनी तोंड उघडू नये. निवाडा महिला तुकडी देईल." टाळ्या पडल्या. बायांनी जास्त वाजवल्या.

पुढारीण उभी राहिली. ही बाई चहाला 'च्या' म्हणते, सही म्हणून अंगठा देते. ती म्हणाली, "चळवळीच्या व्यापक हिताच्या दृष्टीने लढवय्याच्या पत्नीने वैयक्तिक सुखाचा त्याग करणे क्रमप्राप्त आहे."

हे वाक्य मी ओळखत होते. ते मास्तरच्या पत्रकातलं होतं, त्याचं स्टेन्सिल मी कापलं होतं.

वहिनीही ओळखून असावी, कारण ती पुढारणीकडे बघून म्हणाली, "हे तुला कोणी शिकवलं गं? काल तर माझ्या डोक्यातल्या उवा काढीत होतीस. तवा काय म्हणलीस, सांगू सगळ्यांना?"

लोक हसले. पुढारणीनं खाली मान घातली. एक क्षण वाटलं, मोडली काडी. पण मास्तरनं हळूच टाळी वाजवली, एकच, आणि तुकडी उठली. नवरा हयात असताना दुसरा पुरुष बघणारी बाई लढ्याला काळिमा आहे, असं पुढारणीनं पाठ केलेलं संपवलं. निवाडा दिला : काडीमोड नाही. वहिनीनं सासरी राहायचं. गेली तर बंदी. तिला कुणी लावणीला बोलवायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही. मग दोघींनी तिच्या हातातली काडी काढून घेतली. काढून घेणारी एक तिची सख्खी चुलतबहीण होती. मडकी फोडणाऱ्या बाया, चपलांचे हार घालणाऱ्या बाया, त्या दिवशी सगळ्या बसून होत्या. बोलायचं कुणाविरुद्ध? निवाडा तर बायांनीच दिला होता.

मी उठले. नवरा निफाडला आहे, मास्तरनं ठेवला आहे, असं ओरडून सांगितलं. मागून पोरांचा आवाज आला, "शहरातली बाई खाली बस!" "हिचं लगीन नाय झालेलं, हिला काय कळतंय!" "कुणी धाडलं गं तुला, फौजदारानं का?" मग हे शेवटचंच संघटनेनं धरून ठेवलं. मी नाशिकला पोचायच्या आत, मी पोलिसांची आहे ही बातमी आमच्या वसाहतीत पोचली होती. मंडळानं माझ्याकडे मशीनच्या खोलीची किल्ली मागितली. मी दिली. सगळेच माझ्याकडे संशयानं बघायला लागले आणि मीही सगळ्यांकडे. खोलीतलं ते पोस्टर तेवढं मी फाडून आणलं.

घरी आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"काडीमोडीला मागास म्हणाला तो?"

"हो."

"मग तुझी आईही मागासच. तुझ्या बापाच्या आधी मला एक नवरा होता." खडा काढून बाजूला टाकला. "लहान होते. मारायचा. आपल्या गावच्या पंचांनी काडी मोडून दिली. ती मोडली नसती तर तू कुठली आली असतीस पत्रकं वाटायला?"

वडील बाहेर सायकल पुसत होते. आतलं ऐकत असणार, कारण म्हणाले, "त्या बाईला सांग, रविवार असेल तर मी येतो."

कुठे येतो, हे मला नंतर कळलं.

ती सासरी राहिली नाही. भावाकडे गेली. भावाच्या घरालाही बंदी लागली. दोन पावसाळे झाले, त्या घरची लावणी घरचीच चार माणसं करतात. शेजारीण विस्तव देत नाही, चोरून वरवंट्याखाली काडेपेटी ठेवून जाते. मी कोर्टाचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या कागदानं नाशिक मानंल. पाडा मानायचा नाय." टोपलीवाला अजून थांबला आहे. तो विणलेली टोपली भावाच्या बांधावर ठेवून जातो आणि तेवढंच बोलणं.

संघटना आता बरीच शहाणी झाली आहे. वॉरंटं मिटत आली आहेत, मास्तर नाशिकच्या सभागृहांत बोलतो, स्त्रीमुक्तीवर जास्त बोलतो. व्यासपीठामागे ते पोस्टर असतं. तिचंच. पाखरं हाकलताना उघडलेलं तोंड.

जुन्या पंचांपैकी एक म्हातारा अजून आहे. मी या हिवाळ्यात त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "काडी म्या मोडून देतो. मला आता काय भ्या? पर पंच पाच पायजेत. माझे चार संघटनेला भेले."

"जातीचेच पाहिजेत का?"

त्यानं बिडी पेटवली. "जातीचे भेले म्हणल्यावर, माणसं असली तरी चालतील."

"मग मी बसते."

"बाई पंचात बसत नाय."

"आता बसेल."

त्यानं बिडी जमिनीवर घासून विझवली. "बस. पर मधी मधी बोलू नको."

म्हणजे एक तो, दुसरी मी, तिसरे माझे वडील. बाकी दोघांसाठी मी नाशिकभर फिरले. मंडळातले म्हणाले, आत्ता ही वेळ नाही. एक प्राध्यापक म्हणाले, तत्त्वतः तुमचं बरोबर आहे, पण शत्रूच्या हाती कोलीत कशाला? मी विचारलं, शत्रू म्हणजे कोण, ती? एका बाई-कार्यकर्तीनं मला चहा पाजला, डोळ्यांत पाणी आणलं आणि नकार दिला. त्यांच्याही भिंतीवर ते पोस्टर होतं.

म्हणून आता तुम्हाला सांगते. सहानुभूती नको, सही नको, वर्गणी नको. दोन माणसं कमी आहेत. म्हातारा खोकतो, फार दिवस थांबणार नाही. येत्या आखाजीच्या आधीच्या रविवारी सकाळच्या एसटीनं पेठला उतरा. स्टँडवर मी आणि माझे वडील उभे असू. डोंगर चढायचा आहे, भाकरी बांधून आणा. तिथे गेल्यावर काही बोलायचं नाही, भाषण तर मुळीच नाही. पाटावर बसायचं, तिचं ऐकायचं, दगडाकडे बघायचं, आणि ती काडी मोडेल तेव्हा मोठ्यानं म्हणायचं : आम्ही पाहिलं.

या.